पाइपच्या ब्लास्टिंगसाठी माल कोणता घ्यावा, आणि तो छातीत न जाऊ देता कसा वापरावा

पाण्याच्या लाइनसाठी स्पायरल वेल्डिंगनं बनवलेला बारा मीटरचा एम.एस. (माइल्ड स्टील) पाइप. बाहेरून इपॉक्सी रंग मारून सहा महिनेही झाले नव्हते. वेल्डच्या शिवणीजवळ नख घातलं तर कोट पापडासारखा उचलून आला. त्याची मागची बाजू गुळगुळीत होती आणि तिला काळसर भुकटी चिकटलेली होती. रंग चांगल्या प्रतीचा होता, जाडीही बरोबर भरत होती. चूक ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे रंगाआधी दाबाच्या हवेनं दाणेदार माल मारून लोखंड साफ आणि खरखरीत करण्यात, झाली होती: माल जुना, झिजून गोल झालेला, आणि धूळ न झाडताच वर प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर. रंग लोखंडाला धरलाच नव्हता, धुळीला धरला होता.

कोटिंगच्या यार्डात अनेक वर्षं उभं राहून माझं मत पक्कं झालंय की पाइपचं आयुष्य रंगाच्या डब्यापेक्षा ब्लास्टिंगच्या पॉटमध्ये, म्हणजे माल भरायच्या टाकीत, जास्त ठरतं. आणि पॉटमध्ये जे भरलं जातं, त्यावर पाइपसोबत माणसाचं आयुष्यही ठरतं. मालाची निवड आणि माणसाची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत, म्हणून इथं दोन्ही एकत्रच सांगतोय.

सगळ्यात आधी: वाळू नाही

नदीची वाळू, समुद्राची वाळू, चाळलेली, धुतलेली, भाजलेली, कुठलीही वाळू पॉटमध्ये घालू नका. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजेच मुक्त सिलिका. सात बार दाबाच्या हवेनं ती लोखंडावर आदळली की दाण्याचा चुरा होतो. त्यातले काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण तासन् तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात. तिथे ते विरघळत नाहीत. फुप्फुस त्यांच्याभोवती व्रणासारख्या गाठी धरतं. यालाच सिलिकोसिस म्हणतात. झालेला सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो.

आमच्याकडे एक ब्लास्टर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. आमच्याकडे यायच्या आधी त्यांनी एका ठेकेदाराकडे काही वर्षं तोंडाला ओला पंचा बांधून वाळूनं ब्लास्टिंग केलं होतं. चाळिशीतच त्यांना जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. दोनदा टीबीची औषधं झाली. तिसऱ्यांदा छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काम काय करता?’’ आणि तेव्हा खरा आजार कळला. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर धरतो, आणि एक्स-रेमध्ये दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. त्यामुळे कामाचा प्रश्न कुणी विचारलाच नाही, तर वर्षं वाया जातात.

हे ज्ञान नवं नाही. ब्रिटननं १९४९ च्या नियमांनी कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव वस्तूंच्या, ब्लास्टिंगमधून वाळू काढून टाकली. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेनं १९७४ मध्ये एक टक्क्याहून जास्त मुक्त सिलिका असलेला माल ब्लास्टिंगला वापरू नये, अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकाला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमापासूनच सिलिकोसिस हा सरकारला कळवावा लागणारा आजार आहे. तरी आजही ‘सँडब्लास्टिंग’ हाच शब्द रूढ आहे आणि काही ठिकाणी तो शब्दशः खरा आहे, याचं मला मनापासून दुःख होतं.

‘पाणी मारून वाळूनं करतो, धूळ उडत नाही’ असंही ऐकू येतं. पाण्यानं धूळ कमी होते, संपत नाही. आणि दुपारी तोच चिखल वाळला की झाडूबरोबर पुन्हा हवेत येतो.

पायरी पहिली: पाइपवर काय लागणार आहे, ते विचारा

माल निवडण्याआधी कोटिंगचा कागद हातात घ्या. त्यात दोन गोष्टी शोधा, सफाईचा दर्जा आणि खडबडीतपणा म्हणजे प्रोफाइल.

सफाईचा दर्जा आयएसओ ८५०१-१ या मानकाच्या फोटोंशी ताडून बघतात. पाइपच्या चांगल्या कोटिंगसाठी बहुतेक वेळा एसए २½ मागतात. मिल स्केल (पोलाद तापवून लाटताना बसलेली काळी पापडी), गंज, जुना रंग सगळं गेलेलं, राहिलेच तर ठिपक्यांसारखे किंवा रेघांसारखे हलके डाग. एसए ३ म्हणजे एकही डाग नाही. तो मागितला नसेल तर त्याच्या मागे लागू नका, शेवटच्या थोड्या डागांसाठी वेळ आणि माल भरमसाट जातो.

प्रोफाइल मायक्रॉनमध्ये असतं. पातळ प्रायमरला ४० ते ७५ पुरतं, फ्यूजन बाँडेड इपॉक्सी (तापल्या पाइपवर भुकटी वितळवून बसवलेला थर) किंवा तीन थरांच्या पॉलिथिलीनला साधारण ५० ते १००. जास्त खोल म्हणजे जास्त चांगलं, हा गैरसमज सोडा. शिखरं रंगाच्या वर डोकावली तर गंज तिथूनच सुरू होतो.

सिमेंट मॉर्टरचं अस्तर लागणाऱ्या आतल्या बाजूला एवढी नजाकत लागत नाही. तिथं नेमकं काय मागितलंय ते विचारून घ्या, उगाच खर्च करू नका.

पायरी दुसरी: माल निवडा

*स्टील शॉट आणि स्टील ग्रिट.* पाइप मिलमध्ये, बंद खोलीत किंवा फिरत्या चाकांनी माल फेकणाऱ्या मशीनमध्ये काम असेल तर हाच माल. एकच माल शंभराहून जास्त फेऱ्या चालतो आणि धूळ सगळ्यात कमी करतो. शॉट गोल असतो. तो मिल स्केल ठोकून फोडतो, पण पृष्ठभाग ओल्या मातीत गोट्या दाबल्यासारखा दिसतो. ग्रिट धारदार असतो, त्याचा पृष्ठभाग नांगरलेल्या शेतासारखा. रंगाला पकड ग्रिट देतो. म्हणून बरेच जण दोन्ही मिसळून चालवतात. माझ्या मते कोटिंग इपॉक्सीचं असेल तर मिश्रणात ग्रिटचंच वजन जास्त हवं.

इथे ऑर्डर देताना हमखास होणारी एक चूक. शॉटचा नंबर वाढला की दाणा मोठा होतो: एस ३३० म्हणजे इंचाचा ०.०३३० भाग, साधारण ०.८४ मिलिमीटर, आणि एस २३० त्याहून बारीक. ग्रिटचं उलटं आहे. जी २५ जाड आणि जी ४० बारीक, कारण तो नंबर चाळणीवरून आलेला आहे. ‘चाळीसचा मोठा असेल’ असं समजून माल मागवला की प्रोफाइल भरत नाही आणि दोष मशीनवर जातो. ऑर्डरवर नंबरासोबत मिलिमीटरही लिहा.

उघड्या यार्डात स्टीलचा माल परवडत नाही. मातीत जातो, आणि पावसाळ्यात कोकणात तर एका रात्रीत गंजून ढेकळं होतात.

*गार्नेट.* उघड्यावरचं किंवा साइटवरचं काम असेल तर माझी पहिली पसंती गार्नेट या खनिजाला. दाणा टणक, मोहच्या कठीणपणाच्या मापावर सात ते साडेसात, धूळ कमी, आणि नीट गोळा करून चाळलं तर तीन-चार वेळा वापरता येतं. नव्या पाइपच्या मिल स्केलला ३०/६० मेश (मेश म्हणजे चाळणीचा नंबर) चांगलं चालतं. खोल खड्ड्यांचा गंज असेल तर २०/४०. ८० मेश बारीक आहे, ते पातळ पत्र्याला ठेवा.

आपल्या देशातलं बरंचसं गार्नेट किनाऱ्यांवरच्या वाळूतून वेगळं काढलेलं असतं. त्यामुळे दोन गोष्टी तपासा: मीठ धुतलं गेलंय का, आणि क्वार्ट्झ किती राहिलंय. प्रमाणपत्रावर मुक्त सिलिका एक टक्क्याच्या आत हवी. तळहातावर चिमूटभर घेऊन उन्हात भिंगाखाली बघा. गार्नेटचा दाणा तांबूस-गुलाबी दिसतो. त्यात पांढरे-पारदर्शक दाणे सढळ दिसले, तर ती वाळूच आहे आणि तुम्ही ती गार्नेटच्या भावानं घेताय. पोतं परत पाठवा.

*कॉपर स्लॅग.* तांबं वितळवताना निघणारी काळी काचेसारखी मळी. पोत्याचा दर कमी म्हणून बाजारात चालतो. एकदाच वापरता येतो, धूळ बरीच करतो, आणि दाण्याचे काळे तुकडे लोखंडात रुतून बसतात. मुक्त सिलिका त्यात कमी असते, पण बेरिलियम आणि आर्सेनिक अल्प प्रमाणात असू शकतात. म्हणजे वाळू टाळली म्हणून हेल्मेट काढता येत नाही.

आता पोत्याच्या दराकडे थोडं थांबून बघू. एक मीटर व्यासाचा, बारा मीटर लांबीचा पाइप म्हणजे बाहेरून सुमारे ३८ चौरस मीटर. स्लॅग मी चौरस मीटरला ३५ किलो धरतो, म्हणजे एका पाइपला १,३०० किलोच्या वर. तेवढाच कचरा उचलायचा, भरायचा, टाकायची परवानगीची जागा शोधायची. गार्नेट १५ किलो धरलं तर ५७० किलो, आणि त्यातलं बरंचसं पुढच्या पाइपला पुन्हा चालतं. म्हणून दराला फेऱ्यांनी भागा, त्यात उचलण्या-टाकण्याचा खर्च मिळवा, आणि मग तुलना करा. बहुतेक वेळा स्वस्त पोतं महाग पडतं.

*ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि काचेचे मणी.* स्टेनलेस पाइपसाठी. स्टेनलेसवर स्टील ग्रिट कधीही मारू नका. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्याच दमट आठवड्यात स्टेनलेसवर गंजाचे ठिपके उठतात. पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्या, आणि त्यासाठी पॉट व होज (माल वाहणारी नळी) हेही वेगळे ठेवा. पोत्यावर ‘फक्त स्टेनलेस’ असं ठळक लिहा. काचेचे मणी फक्त चमक सारखी करायला, पकड द्यायला नाहीत.

पायरी तिसरी: आलेला माल तपासा

काचेच्या स्वच्छ बरणीत थोडा माल, त्यावर तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. झाकण लावून एक मिनिट हलवा आणि ठेवून द्या. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर माल बाद. त्याच पाण्यात कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते ते दाखवणारा) बुडवला तर मिठाचाही अंदाज येतो. फेरवापराच्या मालाची ही चाचणी मी रोज सकाळी करायला लावतो, कारण एका तेलकट पाइपवरचं तेल त्या मालासोबत पुढच्या सगळ्या पाइपांवर पसरतं.

म्हणूनच ब्लास्टिंगआधी पाइप सॉल्व्हंटनं किंवा डिटर्जंटनं धुवा. ब्लास्टिंगनं तेल निघत नाही, ते फक्त आत ठोकलं जातं. वेल्डचे थेंब, टोकदार कपच्या, शिवणीवरच्या कडा आधीच ग्राइंडरनं काढा.

जुना पाइप असेल आणि त्यावर शेंदरी रंगाचा प्रायमर दिसला, तर काम थांबवा आणि रंगाचा नमुना तपासायला पाठवा. जुन्या काळी लोखंडाला खरोखर शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, लावत. रेड ऑक्साइड (लोखंडाचं ऑक्साइड) आणि शेंदूर डोळ्यांनी खात्रीनं वेगळे ओळखता येत नाहीत. शिसं निघालं तर धूळ बाहेर जाऊ न देणारी बंदिस्त जागा आणि वेगळी विल्हेवाट लागते.

पायरी चौथी: हवा

नोझल म्हणजे होजच्या टोकाचं तोंड, आणि त्याचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास इंचाचे किती सोळावे भाग. सहा नंबर म्हणजे ६/१६ इंच, साडेनऊ मिलिमीटर. सात बारला तो मिनिटाला सुमारे २०० घनफूट हवा खातो. दहा अश्वशक्तीचा कंप्रेसर साधारण ३५ ते ४० देतो. छोट्या कंप्रेसरवर मोठा नोझल लावला की दाब तीन बारवर येतो, ब्लास्टर दिवसभर घाम गाळतो आणि पाइप काळाच राहतो. दाब एक पीएसआयनं (एका बारमध्ये सुमारे साडेचौदा पीएसआय) घसरला की काम दीड टक्क्यानं मंदावतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

दाब कंप्रेसरवर बघू नका. सुईचा गेज मिळतो. माल चालू असताना नोझलच्या मागे होजमध्ये तिरकी सुई टोचा, तिथं जे दिसेल ते खरं. होजचा आतला व्यास नोझलच्या तीन ते चार पट हवा. नोझल दीड मिलिमीटरनं झिजला की बदला. रोज सकाळी त्याच्या तोंडात योग्य मापाचा ड्रिल बिट घालून बघणं पुरतं.

मग मालाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून नुसती हवा पांढऱ्या फडक्यावर एक मिनिट सोडा. ओल किंवा तेलाचा डाग उमटला तर आधी मॉइश्चर सेपरेटर आणि फिल्टर बघा. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी पाचवी: माणूस

ब्लास्टरला हवेचं हेल्मेट लागतं: डोकं, मान, खांदे झाकणारं, आणि बाहेरून शुद्ध हवा सतत आत येणारं. रुमाल, पंचा, कापडी मास्क, सर्जिकल मास्क यांतलं काहीही चालत नाही. एन-९५ सुद्धा ब्लास्टरसाठी नाही. लांब उभ्या असलेल्या हेल्परला तो किमान म्हणून द्या, आणि मालाच्या उडण्याच्या टप्प्यात त्याला उभंच करू नका.

हेल्मेटची हवा कुठून येते, ते स्वतः जाऊन बघा. तेलाचं वंगण असलेला कंप्रेसर तापला की तेल जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डिझेल कंप्रेसरची हवा ओढण्याची बाजू त्याच्याच किंवा शेजारच्या ट्रकच्या धुराकडे असेल, तर आपण माणसाला धूर पाजतोय. श्वासाच्या हवेला वेगळा फिल्टर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. कुणी डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणालं तर ‘उन्हानं असेल’ म्हणू नका. आधी हेल्मेट काढायला लावा, मोकळ्या हवेत बसवा, मग कंप्रेसर तपासा.

डेडमन हँडल बांधून ठेवलेलं दिसलं तर काम त्याच क्षणी बंद. हात सुटला की हवा बंद व्हावी, एवढ्याचसाठी ते असतं. हात दुखतो म्हणून माणसं तार गुंडाळतात, हे मला कळतं. त्यावर उपाय म्हणजे दर अर्ध्या-पाऊण तासाला माणूस बदलणं. सुटलेला होज जमिनीवर आपटत फिरतो तेव्हा त्याच्या वाटेत कोण आहे, हे तो बघत नाही. प्रत्येक जोडावर पिन आणि दोरीसारखी सुरक्षा तार लावा. होज अँटिस्टॅटिक घ्या, पाइप आणि पॉट दोन्हींना अर्थिंग द्या. हेल्मेटच्या आत कानात बोळे हवेतच, नोझलचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो.

पाइप गोल आहे, हे विसरू नका. रोलरवर नसेल तर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका. ब्लास्टरला हेल्मेटमधून बाजूचं दिसत नाही.

आतल्या बाजूचं ब्लास्टिंग शक्यतो पाइपमध्ये सरकवायच्या टूलनंच करा, ज्यात माल शंकूवर आदळून चहूकडे फेकला जातो. मोठ्या व्यासाच्या पाइपमध्ये माणूस जाणारच असेल, तर एका टोकानं धूळ ओढणारा पंखा, २४ व्होल्टचा दिवा, आणि तोंडाशी एक माणूस, ज्याचं दुसरं काहीही काम नाही. तो चहालाही जाणार नाही.

पायरी सहावी: मारणं, तपासणं, रंगवणं

नोझल पाइपपासून साधारण ३० ते ६० सेंटिमीटरवर, किंचित तिरका. मिल स्केल फोडताना जवळ आणि काटकोनाच्या जवळपास, जुना रंग काढताना थोडा लांब आणि जास्त तिरका. शिवणीच्या दोन्ही बाजूंना वेगळा हात फिरवा, कारण शिवणीच्या सावलीत स्केल हमखास राहतो. वेल्डिंगसाठी मोकळी ठेवायची टोकं आधीच झाकून घ्या.

प्रोफाइल मोजायला रेप्लिका टेप, म्हणजे पृष्ठभागाचा ठसा घेणारी पट्टी, वापरा. टेप चिकटवून गोल टोकाच्या काडीनं घासा, मायक्रोमीटरमध्ये धरा आणि आलेल्या आकड्यातून फिल्मची ५० मायक्रॉन जाडी वजा करा. ही वजाबाकी राहून गेली की ३० चं प्रोफाइल ८० दिसतं. धुळीसाठी पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा. समुद्राजवळ काम असेल तर मिठाची चाचणीही करा.

मग हवामान. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन बसतं त्यापेक्षा) किमान तीन अंश जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. पावसाळ्यात पनवेलसारख्या ठिकाणी हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २६ च्या थोडा वर येतो. म्हणजे लोखंड साडेएकोणतीसच्या आसपास तरी हवं. रात्रभर उघड्यावर पडलेला पाइप सकाळी आठला तेवढा तापलेला नसतो. थर्मामीटर हवेत धरू नका, पाइपला चिकटवा. आणि ब्लास्ट केलेला पाइप रंगाविना दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. दमट दिवशी चार तासही लांबची गोष्ट आहे: करड्या लोखंडावर पिवळसर छटा आली की पुन्हा ब्लास्ट.

पायरी सातवी: पाळी संपल्यावर

पडलेला माल झाडूनं झाडू नका आणि कपड्यांवर हवेची नळी मारू नका. दिवसभर हेल्मेटनं बाहेर ठेवलेली धूळ त्या दोन मिनिटांत छातीत जाते. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, व्हॅक्यूम वापरा, नाहीतर ओलं करून उचला. हेल्मेट सगळ्यात शेवटी काढायचं, कपडे झटकून झाल्यावर नव्हे तर उतरवून झाल्यावर. कामाचे कपडे यार्डातच धुवायचे. ते घरी गेले की धूळ लेकरांपर्यंत जाते.

ब्लास्टर आणि हेल्पर दोघांचाही कामावर घेताना छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री, नंतर दरवर्षी तपासणी. ती अशा डॉक्टरांकडून, ज्यांना ब्लास्टिंग म्हणजे काय ते माहीत आहे. एक्स-रेची एक प्रत माणसाच्या हातात द्या, आणि सोबत एका कागदावर लिहून द्या की हा कुठल्या साली, कुठल्या मालानं, किती महिने ब्लास्टिंग करत होता. मामांकडे असा कागद नव्हता. आता आमच्या यार्डातून काम सोडून जाणारा प्रत्येक जण पगाराच्या शेवटच्या पाकिटासोबत तो घेऊन जातो.